माझ्या दाराला कोणी लाथ मारेना

विमानातल्या सगळ्यात महागड्या खुर्च्यांना दार असतं, हे मी आमच्या करडी गावात सांगितलं तेव्हा कोणाला पटलं नाही. बाबा ओसरीत बसून दोर वळत होते. ते म्हणाले, "खुर्चीले दार? मंग कडी-कोंडा बी असन. बाहेर चौकीदार बी ठेवतेत का?"

"कुलूप नाही राहत बाबा. ते दार अडकू नये, हेच माहं काम आहे."

"दार अडकू नये म्हणून एवढं शिकाले लागते? आपल्या घरचं दार तं न शिकता उघडते."

माय हसली, मीही हसले. पण बाबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्या दाराचं काम ऐकायला सोपंच वाटतं. पुढच्या वर्गातल्या खुर्चीभोवती छातीइतक्या उंचीची भिंत असते आणि तिला एक सरकतं दार. दार ओढून घेतलं की प्रवासी आपल्या जागी एकटा. झोपा, जेवा, तोंड उघडं टाकून घोरा, कोणी बघत नाही. त्या एकांताचेच तर पैसे. पण विमान उठताना आणि उतरताना हेच दार उघडं राहिलं पाहिजे, कितीही हिसका बसला तरी आपोआप सरकून बंद होता कामा नये. आणि प्रवासात बंद असताना अडकलंच, तर आतल्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय बाहेर येता आलं पाहिजे. मग तो पैलवान असो, नाहीतर गुडघे धरलेली म्हातारी. घट्टही पाहिजे आणि सैलही पाहिजे. या दोन गोष्टींची सोयरीक जमवणं, हे माझं काम.

मी आमच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली पहिली. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा हळवा होतो, त्याला वाटतं आता ही गरिबीची कहाणी लावणार. तसं काही नाही. धान पिकत होतं, घर खाऊनपिऊन सुखी होतं. फक्त इंजिनीअरिंगचं ड्रॉइंग कसं वाचायचं, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी नागपूरच्या कॉलेजात मी त्या रेघांकडे नुसती बघत बसायची. शेवटच्या वर्षी माझी ड्रॉइंगं वर्गात हातोहात फिरायची. हे मी माझ्या मेहनतीनं केलं, आणि सांगताना मी मान खाली घालत नाही.

नागपूरच्या ज्या कंपनीत मी लागले, तिथं आम्ही बरीच वर्षं दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं साफसूफ करून द्यायचो. मुख्य ऑफिस परदेशात. डोकं त्यांचं, हात आमचे. हे दार मात्र पहिल्यांदा आमच्या टीमकडे आलं, आणि त्यातला अडकल्यावर उघडण्याचा भाग माझ्याकडे. आमच्या टीमचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते पुण्याचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हे दार पास झालं तर आपण डिझाइनवाले. नाही झालं तर ते त्यांचं तयार दार पाठवतील आणि आपण पुन्हा रेघा ओढायला बसू." मला रेघा ओढायला बसायचं नव्हतं.

मी पुष्कळ विचार करून पायाची युक्ती काढली. सरकतं दार अडकतं ते बहुतेक खालच्या रुळात. म्हणजे जोर खालीच लागायला हवा, आणि खाली जोर पायाचा. दाराच्या तळाशी एक लाल गोल केला. तिथं लाथ बसली की आतली पकड रुळातून सुटणार आणि सरकणारं दार साध्या दारासारखं बाहेर उघडणार. पायाची ताकद हातापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय हातात लेकरू असलं तरी पाय मोकळेच असतात. मला माझी युक्ती फार आवडली होती. ऑफिसातल्या सगळ्यांना वर्कशॉपमध्ये नेऊन नमुन्याच्या खुर्चीत आळीपाळीनं बसवलं. पोरांनी खटाखट लाथा हाणल्या, पोरींनीही हाणल्या. सर म्हणाले, "कंपनीची फुटबॉल टीम काढू या आता."

पण ऑफिसातले लोक धरून चालत नाहीत. त्यांना दार माहीत असतं. ज्यांनी ते कधी पाहिलं नाही, अशा सर्व वयाच्या माणसांना, बायांना, म्हाताऱ्यांना आधी काही न सांगता आत बसवायचं आणि दार मुद्दाम अडकवायचं, अशी चाचणी करावी लागते. सर कॉलेजची मुलं बोलवत होते. मी म्हटलं, "सर, खुर्चीचा नमुना भंडाऱ्याच्या वर्कशॉपमध्येच तर बनला आहे. माणसं मी आणते. विमान न पाहिलेली माणसं पाहिजेत ना? गावभर आहेत."

धानाच्या रोवणीच्या आधीचे दिवस होते, लोक मोकळे होते. करडीहून एक गाडी भरून निघाली. माय, मोठी माय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, आमचे शेजारी काका, गल्लीतल्या काही बाया. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांतून ओळखीची दोन कॉलेजची मुलं आली. वैनगंगेच्या पुलावर गाडीत गाणी सुरू झाली. मोठी माय म्हणाली, "विमानात बसाले चाललो का वरातीत, समजूनच नाही राहिलं."

सगळ्यात आधी मायला बसवलं. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. खुर्चीवर बसली, हात फिरवून पाहिला, म्हणाली, "लय मऊ हाय व." मी दार सरकवलं आणि बाहेरून अडकवलं. घंटा वाजली. आत समोरच चित्र लावलेलं होतं, लाल गोल आणि त्यावर पाय. बाहेरच्यांनी एक शब्द बोलायचा नाही, हा नियम. तो नियम मीच सगळ्यांना दोनदा सांगितला होता.

मायनं दार धरून हलवलं. मग चित्र पाहिलं. पुन्हा हलवलं. दाराच्या वरून डोकं काढून माझ्याकडे पाहिलं.

"काय व, अटकलं न हे."

मी घड्याळाकडे पाहत राहिले.

"अवं, अटकलं म्हंतो न! बोलत काहून नाही? मुकी झाली का?"

सर तोंडावर हात धरून उभे. माय पुन्हा चित्राकडे वळली, चांगलं निरखून पाहिलं, आणि खाली बसली. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली. एस.टी.ची वाट पाहत बसतात, तशी. वेळ संपली. मला बाहेरून दार उघडावं लागलं.

"माय, चित्र नाही दिसलं का तुले?"

"दिसलं न. आंधळी हाओ का मी? पाय काढला हाय लाल लाल."

"मंग?"

"मंग काय? दाराले लाथ मारू?" ती माझ्याकडे असं पाहत होती जसं मीच काहीतरी भलतं बोलले. "अन् तेही तू बनवलेल्या?"

मला वाटलं, ही माझी माय आहे म्हणून असं झालं. पण पुढे मोठी माय बसली. दार अडकलं, तिनं ते हलवलं, चित्र पाहिलं, समजली. चप्पल काढून बाजूला ठेवली. वाकून दाराला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मग अंगठ्यानं त्या लाल गोलाला हळूच ढोसलं, झोपलेल्या लेकराला हलवावं तसं. दार कशाला उघडतं? शेजारच्या काकांनी चित्राकडे पाहिलंच नाही. पायजमा वर खोचला आणि वावराच्या कुंपणावरून टांग टाकावी तशी दारावरून टांग टाकून बाहेर आले. वर आम्हालाच म्हणाले, "अटकलं तं अटकू द्या, वरून जागा हाये न बाप्पा." गल्लीतल्या बायांपैकी एकीनंही पाय उचलला नाही. जवाहरनगरच्या मुलांनी मात्र धाडकन लाथ मारली आणि क्षणात बाहेर.

मला हे आधी सुचायला हवं होतं, कारण मी त्याच घरात वाढले. आमच्याकडे दाराच्या चौकटीला हळदकुंकू लागतं. नवं धान आलं की पहिल्या लोंब्यांचं तोरण दारावर चढतं. चुकून उंबरठ्याला पाय लागला तरी हात लावून पाया पडायचं. आणि लाथ? भांडणात कोणाच्या दाराला लाथ मारून गेलेला माणूस त्या घरी पुन्हा पाणी प्यायला येत नाही. संबंध तोडायचे असतील तेव्हा दाराला लाथ मारतात. आणि मी त्यांना सांगत होते, जीव वाचवायचा असेल तेव्हा मारा.

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी नव्हती. माय खिडकीशी बसली होती. पूल ओलांडल्यावर हळूच म्हणाली, "माह्यानं तुहं नुसकान झालं का व?"

"नाही व माय."

"मले इशारा तरी कराले पाह्यजे होता. मारली असती म्या एक."

"इशारा करता येत नाही, म्हणूनच तर चाचणी म्हणतेत."

घरी गेल्यावर माय नीट जेवलीही नाही.

सोमवारी सरांनी मला बोलावलं. तसे ते चांगले होते, ओरडले नाहीत. म्हणाले, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. तुझी निवड चुकली, दार नाही चुकलं. बिझनेस क्लासमध्ये कोण बसतं? तुझ्या गावातल्या बायका बसतात का? ही चाचणी सोडून देऊ, कॉलेजची मुलं बोलवू, दुपारपर्यंत पास होऊन जाईल."

खरं सांगायचं तर सोपं होतं. मला फक्त मान हलवायची होती. दार पास, टीम पास, मी पास. पण माझ्या मायचं उत्तर चूक होतं असं म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "सर, माझी माय बसली तर?"

"तिकीट माहीत आहे का केवढं असतं?"

"मी काढून देईन कधीतरी. आणि तेव्हा दार अडकलं तर ती मांडीवर हात ठेवून बसून राहील. मी पाहिलंय."

सर म्हणाले, "हे कारण मी मुख्य ऑफिसला देऊ? आमच्या इंजिनीअरच्या आई दाराला लाथ मारत नाहीत म्हणून?"

"नका देऊ. मी दुसरं दाखवते." चाचणी नापास झाली असं मी माझ्याच हातानं नोंदवलं आणि जागेवर येऊन चाचण्यांच्या वेळी कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी चित्रफीत पुन्हा पाहायला घेतली. करडीची माणसं पाहिली, मग जुनी, ऑफिसातली पाहिली. आवाज बंद करून, नुसते हात बघत होते. आणि मला दिसलं. माय, मोठी माय, जवाहरनगरची मुलं, आमच्या ऑफिसातल्या पोरी, सगळ्यांनी दार अडकल्या अडकल्या पहिली एकच गोष्ट केली होती. दाराची वरची कड दोन्ही हातांनी धरून हलवली होती. चित्राकडे नजर त्यानंतर गेली. लाथ मारणाऱ्यांनीही आधी हलवलं आणि मग मारली.

मी सरांना स्क्रीनपुढे बसवलं. "सर, हे कोण?"

स्क्रीनवर सरच होते, चाचणीच्या पहिल्या दिवशीचे. त्यांना दार माहीत होतं, लाल गोल माहीत होता, तरीही घंटा वाजल्यावर त्यांनी वरची कड धरून दार गदागदा हलवलं होतं. लाथ नंतर.

"अरेच्या," ते म्हणाले. मग हसायला लागले. "फारच हलवलं की मी."

"घाबरलेला माणूस हातानं दार शोधतो, सर. पुण्याचा असो की करडीचा. पायाचं त्याला नंतर आठवतं, आणि कोणाकोणाला आठवूनही जमत नाही. गुडघा बदललेला माणूस काय लाथ मारेल? तो तर तुमच्या बिझनेस क्लासमध्येच बसतो."

ते उठले, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "वजन वाढवायचं नाही. बाकी काय करायचं ते कर."

वजन वाढवायचं नाही, हे सांगायला सोपं होतं. विमानाच्या खुर्चीत एकेका स्क्रूवरून भांडणं होतात. जोर तर खालच्या रुळाशीच लागणार होता, आणि हात होते वरच्या कडेला. मी दाराच्या आतून एक पातळ सळई खालपर्यंत नेली. वर, जिथं बोटं आपोआप जाऊन पडतात, तिथं कडेच्या आतल्या बाजूला एक रुंद पट्टी बसवली. पट्टी वर ओढली की सळई उचलली जाणार, खालची पकड सुटणार आणि दार हातानं ढकललं की बाहेर उघडणार. उघडून बाजूच्या भिंतीला चिकटून राहणार, कारण वाटेत मागून माणसं येत असतात, त्यांच्या पायात दार पडून चालत नाही. झोपेत कोणाचा हात लागून पट्टी ओढली जाऊ नये म्हणून तिच्यावर एक झाकण आलं. ते झाकण संधिवाताच्या बोटांनाही उघडलं पाहिजे म्हणून पुन्हा बदललं. सळईचं वजन भरून काढायला लाल गोलामागचा सगळा सांगाडा काढून टाकला. माझीच लाडकी युक्ती मी माझ्याच हातानं बाहेर काढली. त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण नवं दार तयार झालं तेव्हा ते जुन्याहून काकणभर हलकंच भरलं, आणि त्या दिवशी मी ऑफिसभर पेढे वाटले. कोणी विचारलं, लग्न ठरलं का? मी म्हटलं, "वजन कमी झालं."

दुसऱ्या चाचणीला पहिली माणसं चालत नव्हती. त्यांना दार अडकतं हे आता माहीत होतं. मायला हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

"मी येतो. या बारीनं बराबर करतो."

"तुले बसता नाही येत माय."

"बसत नाही. नुसती पाहातो."

आली. मी तिला वर्कशॉपच्या आत उभंही राहू दिलं नाही, बाहेर फाटकाशी खुर्ची टाकून दिली. "कोणाले काही सांगशील तं सगळं वाया जाईल." तिनं मान हलवली आणि पदराचं टोक तोंडात धरलं. ज्या नवीन बाया आणल्या होत्या त्या तिच्या ओळखीच्याच. आत जाणारी प्रत्येक जण तिला विचारायची, "काय राहाते व अंदर?" आणि माय पदर चावत नुसती मान हलवायची. इतका वेळ गप्प बसलेली माय मी जन्मात पाहिली नव्हती.

आमच्या गल्लीतली एक मावशी, मायहून वयानं मोठी, हाताची बोटं वाकलेली. तिला बसवलं. दार सरकवलं, अडकवलं, घंटा वाजली. मी नियमाप्रमाणे दूर उभी होते. सर माझ्या बाजूला.

मावशीनं दार हलवलं. हललं नाही. पुन्हा कड धरली. बोटं आतल्या बाजूला सरकली, झाकणाखाली गेली, तिथंच थांबली. तिनं खाली वाकून पाहिलं, "हे काय होय" असं स्वतःशीच म्हणाली आणि ओढलं. दार सुटलं. हातानं बाजूला केलं, सावकाश बाहेर आली, साडी झटकली आणि आमच्याकडे पाहून विचारलं, "झालं? का अजून काही हाय?"

सर म्हणाले, "झालं मावशी. झालं."

त्या दिवशी सगळे बाहेर आले. बाया, म्हातारे, तरणे, सगळे. समोर लावलेलं पट्टीचं चित्र न पाहता आले.

मग मुख्य ऑफिसबरोबर बैठक झाली, ती स्क्रीनवरच. माझं इंग्रजी साधं आहे, पण कामापुरतं चांगलं आहे. मी दार दाखवलं, पट्टी दाखवली, दोन्ही चाचण्या सांगितल्या. पलीकडे एक वयस्क इंजिनीअर होते. त्यांनी विचारलं, पायाची युक्ती का सोडली, ऑफिसातल्या चाचणीत तर ती पास होत होती. सर गुडघ्याचं सांगायला पुढे झाले. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, माझ्या आईनं दाराला लाथ मारायला नकार दिला. मग त्यांनी एवढंच विचारलं, त्या बाहेर येऊ शकल्या का? मी म्हटलं, नाही. म्हणून ही पट्टी. त्यांनी पुढचं पान काढायला सांगितलं. पट्टीबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही. दार पास झालं. पुढचं दारही आमच्याकडेच आलं, त्याच्या पुढचंही. आता त्या तयार दारांची ड्रॉइंगं साफ करायला आमच्याकडे कोणाला वेळ नाही. माझं दार आज आकाशात आहे. मी त्यात प्रवासी म्हणून अजून बसले नाही. बसेन, आणि मायला घेऊन बसेन.

पास झाल्याचं मी मायला फोनवर सांगितलं होतं. ती "बरं झालं व" म्हणाली, बस. मला वाटलं, अजून तिच्या मनात ते नुकसानीचं आहे. पुढच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत सुट्टी घेऊन घरी गेले आणि तिला समजवावं म्हणून डबा घेऊन धानाच्या बांधीवर पोचले. बाया ओळीनं वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या. माझी चाहूल कोणाला नव्हती. मायचाच आवाज सगळ्यांच्या वर.

"अवं, मोठ्या मोठ्या इंजिनीअर लोकायनं पास केलं होतं ते दार," ती चिखलात हात खुपसून सांगत होती. "म्या नापास केलं."

"तू? अन् काय केलं व तू?"

"काईच नाही केलं. बसून राहिली. पोरीले म्हणलं, हे नाही चालत, दुसरं बनव."

"अन् मंग?"

"मंग काय, बनवलं न तिनं."